नव्वद औट तीनशे पंधरा

आठ-दहा दिवस बंद ठेवलेला माझा जुना टीव्ही लावला, की पहिली पाच मिनिटं त्याच्या पाठीमागून तापलेल्या धुळीचा वास येतो. वास तसा वाईटच. आळीतली पोरं नाक मुरडतात. ‘आजी, मागून जरा पुसत जा ना,’ म्हणतात. मी मुद्दाम पुसत नाही. परवा विश्वचषकाचे सामने सुरू झाले, मी टीव्ही लावला, वास आला आणि मी तशीच डोळे मिटून उभी राहिले. पोरांना वाटलं, आजींना चक्कर आली. एकजण तर पाण्याचं भांडं घेऊन धावला. त्याला कसं सांगू, की बाळा, चक्कर नाही रे, माझं सगळं आयुष्य त्या वासातून सुरू झालंय!

भोरला आमच्या आळीत सगळ्यांत मोठा पडदा माझ्या टीव्हीचा, त्यामुळे सामना असला की माझी पुढची खोली भरून जाते. आणि सामन्यापेक्षा गंमत असते ती या मंडळींच्या तक्रारींची. षटक संपलं की लगेच साबणाची जाहिरात का? चेंडू सीमेकडे चाललाय आणि कॅमेरा प्रेक्षकांतल्या त्या गॉगलवाल्या बाईवर कशाला? तो निवेदक स्वतःच्या जमान्यातल्या गोष्टी सांगत बसलाय, त्याला कुणीतरी गप्प करा! हिंदीतलं लावा, नाही इंग्रजीतलं लावा, नाही, आवाजच बंद करा. एकाच खोलीत दहा माणसं आणि बारा मतं. माझ्या शेजारी माझीच एक जुनी विद्यार्थिनी बसलेली असते. आता तिलाही नातवंडं आहेत, पण माझ्यासमोर अजून पदर सावरून बसते. ती आणि मी नुसत्या एकमेकींकडे बघतो. आम्हा दोघींना ठाऊक आहे, की सामना कसा सांगावा यावर याच गावात, याहून मोठा खल फार पूर्वी होऊन गेलाय. आणि त्या वेळी सगळी मतं ऐकून घ्यावी लागली होती ती मला. कारण सांगणारी मीच होते.

स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षीचा तो हिवाळा. मी वीस वर्षांची, लग्न होऊन जेमतेम सहा महिने झालेले. माहेर पुण्याचं, मॅट्रिक झालेली. इंग्रजीत बरे गुण होते, आणि त्या गुणांचं आता करायचं काय हा प्रश्न लग्नाच्या दिवशीच ट्रंकेत बंद झालेला. नवरा पुण्यात नोकरीला; शनिवारी येणार, रविवारी जाणार. घरात सासूबाई, मामंजी आणि मी. मामंजी म्हणजे माझे सासरे, संस्थानच्या दप्तरखान्यात जुने कागद सांभाळायचे. कुठल्या गावचा कुठला कागद कुठल्या रुमालात बांधलाय, हे त्यांना डोळे मिटून सांगता येई. बोलणं मोजकं. रागावले तरी आवाज चढत नसे, फक्त चष्मा काढून ठेवत. त्यांनी चष्मा काढला की मांजरसुद्धा ओसरीवरून उठून जाई.

त्या दिवाळीत नवऱ्याने कुणाकडून तरी जुना, बॅटरीवर चालणारा रेडिओ आणला. काडीपेटीच्या रंगाची लाकडी पेटी, पुढे जाळीचं कापड, आणि आत तापणारे दिवे. तो लावला की आधी धुळीचा वास यायचा, मग खरखर, आणि मग लांबून, फार लांबून कुणीतरी बोलायला लागायचं. बॅटरी संपली की ती मोटारीने पुण्याला पाठवायची, तिसऱ्या दिवशी भरून परत यायची. सासूबाईंनी त्या पेटीला हळदकुंकू वाहिलं आणि त्यानंतर तिच्याकडे सवतीसारखं बघायला सुरुवात केली.

आता मुख्य गोष्ट सांगते. मामंजींच्या लिहायच्या मेजावर, दौतीखाली, एक पत्र ठेवलेलं होतं. मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाईंचं. ‘आपल्या सूनबाई शिकलेल्या आहेत असे कळते. शाळेस शिक्षिकेची निकड आहे. आपली अनुमती असल्यास कळवावे.’ पत्र येऊन महिना झाला होता. सासूबाईंचं मत घराला आणि शेजारालाही ठाऊक होतं: या घरातली सून बाहेर जाऊन काम करणार नाही. नवरा म्हणाला, वडील ठरवतील ते. आणि मामंजी काहीच म्हणत नव्हते. रोज सकाळी मी केर काढताना ते मेज पुसायची, दौत उचलायची, पत्र तिथेच आहे ना हे बघायची आणि दौत पुन्हा त्यावर ठेवायची. माझा सारा जीव त्या दौतीखाली होता हो! कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती.

आपला संघ तेव्हा ऑस्ट्रेलियाला गेला होता. तिथली दुपार म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे चहाच्या वेळेला तिथलं धावतं वर्णन लागायचं. मामंजींना क्रिकेटची भलती हौस; तरुणपणी पुण्याला जाऊन सामने बघितलेले. पण त्यांचं इंग्रजी कागदावरचं. नाकात बोलणाऱ्या त्या गोऱ्याचा एक शब्द त्यांना लागेना. दोन दिवस त्यांनी पेटीला कान लावून बघितला, आणि तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, “सूनबाई, जरा इकडे या. हा काय म्हणतोय ते सांगा.” सासूबाईंच्या हातातला उंडा परातीतच राहिला. मी हात धुऊन गेले.

अशी माझी नेमणूक झाली. रेडिओ माजघराच्या खिडकीत, मी खिडकीच्या आत पाटावर, डोक्यावर पदर, कान पेटीला. आणि खिडकीपलीकडे ओसरीवर मामंजी. आवाज इतका बारीक, की बाहेर पोचायचा तो माझाच. पहिल्या दिवशी मामंजी एकटे होते. आठवड्याभरात ओसरी भरली. समोरचे वाणी आले, पेन्शनीतले एक मास्तर आले, कचेरीत कामाला आलेली खेड्यापाड्यांतली माणसं रुमाल पसरून बसायला लागली. आपला स्वतंत्र देश पहिल्यांदाच कुणाच्या घरी जाऊन खेळतोय, एवढंच त्यातल्या बहुतेकांना कळत होतं. आणि तेवढं पुरे होतं.

पण मला क्रिकेट कुठे येत होतं? मला इंग्रजी येत होतं. या दोन्हींत केवढं अंतर आहे ते मला पहिल्याच सकाळी कळलं. मी सांगू लागले, चेंडू सुरेख पायाकडे गेला. बाहेरून प्रश्न आला, कुणाच्या? चेंडू तिसऱ्या माणसाने अडवला, म्हटलं तर वाणी विचारतात, पहिले दोघे झोपले होते काय? फाइन लेग, थर्ड मॅन ही मैदानातल्या जागांची नावं, हे मला पुढे कळलं. एकजण बदक घेऊन परतला, असं मी सांगितलं, तेव्हा ओसरी बराच वेळ गप्प होती. मैदानात बदक आलं कुठून, याचा सगळे विचार करत असावेत. मामंजींनीच मग खिडकीशी येऊन हळूच समजावलं, की बदक म्हणजे भोपळा, एकही धाव नाही. षटक म्हणताना मी चेंडू मोजले तर ते आठ भरले. तिथे आठांचं असायचं तेव्हा. मामंजी म्हणाले, मग अष्टक म्हणा. देवाच्या अष्टकासारखं वाटलं, पण म्हटलं.

आणि मतं तर विचारू नका! वाण्यांचं म्हणणं, आकडा आधी सांगा, बाकीचं मागून. मास्तरांचं म्हणणं, शब्दाला शब्द लावा, पदरचं घालू नका. तो मूळचा गोरा निवेदक कुणालाच आवडत नसे. “लई भराभरा बोलतंय, त्याला म्हनावं पानी पी जरा,” असं एकाने मला निरोप द्यायला सांगितलं होतं. तिकडे टाळ्या वाजल्या की पेटीतून कढईत लाह्या फुटल्यासारखा आवाज यायचा; त्या आवाजावर मात्र सगळे खूश. तो मी सांगायच्या आधीच त्यांना कळायचा.

त्या मंडळींत विंझरचे एक म्हातारे होते. वेल्ह्याच्या वाटेवरच्या त्या गावात त्यांची शेती. जमिनीच्या एका जुन्या कागदाची नक्कल हवी म्हणून भोरला आले होते आणि नक्कल मिळेपर्यंत लेकीकडे राहिले होते. सगळे त्यांना बाबा म्हणत. पांढऱ्या मिशा, ताठ पाठ, मुंडासं असं बांधलेलं की त्याला हात लावायची वाऱ्याची छाती नाही. गावात त्यांचा शब्द खाली पडत नसे. अक्षर वाचता येत नव्हतं, पण लहानपणी पंतोजींकडे पाढे मात्र तोंडपाठ केलेले: पावकी, निमकी, दिडकी, औटकी, सगळे. वाणी हिशेबाला कागद घेईपर्यंत बाबांचं उत्तर तयार असे. नव्या पिढीला औटकी ठाऊक नसेल. औट म्हणजे साडेतीन. एक औट औट, दोन औट सात, तीन औट साडेदहा. साडेतीनचा पाढा तो, आणि बाबांना तो शंभरापर्यंत येत होता.

त्यांचे प्रश्नही वेगळे. त्यांना धावांशी फारसं कर्तव्य नव्हतं. “बाई, त्ये रान केवढं हाय? गवत कोन कापतंय? इतकी जिमीन पडीक ठिवलीया व्हय नुसती खेळाया?” मला यातलं काय माहीत! पण त्यांच्यामुळे मी कान देऊन ऐकायला लागले. गोरा मध्येच कधी सांगायचा, की आज वारा आहे, झाडांच्या सावल्या पडल्यात, पक्षी मैदानात उतरलेत. ते मी आधी गाळत असे. बाबांसाठी सांगायला लागले, आणि लक्षात आलं, की त्या वेळी ओसरीवर कुणी खोकतसुद्धा नाही. न दिसणारं दाखवायचं कसं, ते मी तिथे शिकले. पुढे मुलींना भूगोल शिकवताना ते माझ्या उपयोगी पडलं.

गडी बाद झाला की मी तेव्हा ‘मेला’ म्हणत असे. हुतूतूमध्ये आम्ही तसंच म्हणायचो. ‘मेला! आपला तिसरा गडी मेला!’ एके सकाळी सासूबाई लाटणं घेऊनच बाहेर आल्या. “अगं, दिवा लावलेल्या घरात सकाळी उठून मेला-मेला काय लावलंयस? तोंडाला दुसरा शब्द नाही का?” मी म्हटलं, बरं, ‘गेला’ म्हणते. त्या म्हणाल्या, “ते काय वेगळं झालं?” खरंच होतं त्यांचं. मग दुसऱ्या दिवसापासून मी साधा उपाय केला. तो गोरा म्हणतो तोच शब्द तसाच म्हणायचा. औट. शुभ नाही, अशुभ नाही.

नेमकी त्या नव्या शब्दाची पहिलीच सकाळ. आपला एक गडी सुंदर खेळत होता. पन्नास झाल्या, सत्तर झाल्या, ऐंशी झाल्या. मी पाटावर बसले होते की उभी होते, आठवत नाही. पदर खांद्यावर आला होता. बॅटरी उतरत चालली होती आणि आवाज खोल विहिरीतून येत होता. नक्कल अजून मिळाली नव्हती, पण बाबांना त्या दिवशी शेतीच्या कामासाठी गावी जायचं होतं. नसरापूरकडे जाणारी मोटार सुटायची वेळ झालेली, आणि ते पिशवी खांद्याला लावून अंगणात, एक पाय बाहेर असे उभे. तेवढ्यात लाह्या फुटल्या. मी ओरडले, “नव्वद! नॉट औट!” आणि त्याच क्षणी पेटी गप्प झाली. बॅटरी संपली. बाबांचा चेहरा उजळलेला मला खिडकीतून दिसला. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले, मांडीवर थाप मारली आणि झपाझप निघून गेले. मला वाटलं, नव्वदाचाच आनंद.

बाबांनी ऐकलं होतं, नव्वद औट; मधला ‘नॉट’ त्यांच्या लेखी नुसता इंग्रजी आवाज. आणि पंतोजींनी शिकवलेल्या पाढ्याप्रमाणे नव्वद औट तीनशे पंधरा. चूक काढून दाखवा! विंझरला पोचेपर्यंत दिवस कलला होता. देवळापुढे त्यांनी सांगितलं, की स्वराज्याच्या पहिल्याच लढतीत आपल्या एका गड्याने एकट्याने तीनशे पंधरा धावा केल्या, माझ्या कानांनी ऐकून आलोय. बाबा सांगतायत म्हटल्यावर शंका घेतो कोण? हलगी वाजली. गूळ वाटला. एका उत्साही माणसाने तर घोड्यावर बसून पुढच्या वाडीला बातमी पोचवली.

दोन दिवसांनी पुण्याहून कुणीतरी वर्तमानपत्र घेऊन गावात उतरला. त्यात त्या गड्याच्या धावा होत्या शंभराहून थोड्या वर. मग काय! ज्या माणसासमोर गावात कुणी मोठ्याने हसत नसे, त्याला बांधाबांधावरून ‘रामराम तीनशे पंधरा’ सुरू झालं. पोरांनी तर आडनावच करून टाकलं. बाबा चार दिवस देवळाकडे फिरकले नाहीत, असं वाण्यांनी येऊन सांगितलं. त्यांचा माल नसरापूरहून यायचा, आणि मालाबरोबर बातमीही.

सासूबाई म्हणाल्या, “बघा. एवढ्या मानाच्या माणसाचं हसं केलं आमच्या घरानं. आणि ही म्हणे पोरींना शिकवणार!” इतक्या दिवसांनी पत्राचा विषय त्या घरात पुन्हा निघाला तो असा. मामंजींनी चष्मा काढून मेजावर ठेवला. दुसऱ्या दिवशी केर काढताना मी दौत उचलली तर खाली पत्र नव्हतं. ते खणात गेलं होतं. त्यांच्या दप्तरखान्यात, काम संपलेला कागद खणात जातो, एवढं मला ठाऊक झालं होतं. मी मेज पुसलं, पुन्हा पुसलं, आणि मोरीत जाऊन रडले.

बाजारच्या दिवशी बाबा आले. एकटे नव्हते, गावचे दोघे-तिघे बरोबर होते, आणि त्यांच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. बॅटरी भरून आलेली, पुढचा सामना सुरू झालेला, ओसरी गच्च. बाबा नेहमीच्या खांबाशी बसले. कुणीतरी मागून म्हणालं, “तीनशे पंधरा आलं बरं का!” आणि खसखस पिकली. बाबा मान खाली घालून बसले. ती ताठ मान खाली गेलेली मला बघवेना. मी रेडिओचा कान पिळून तो बंद केला, उठले, आणि माजघराचा उंबरठा ओलांडून ओसरीवर आले. त्या घरात आल्यापासून पुरुषमाणसं बसलेली असताना मी ओसरीवर पाऊल टाकलं नव्हतं. पदर सावरला आणि तोंड उघडलं.

“बाबा, चूक माझी आहे. इंग्रजी शब्द मी तसाच फेकला, त्याचा अर्थ सांगितला नाही. तुम्ही ऐकलंत ते बरोबर ऐकलंत, हिशेबही बरोबर केलात. मला सांगता आलं नाही. गाव तुम्हांला हसलं ते माझ्यामुळे.”

बाबांनी वर बघितलं. “मंग बाई, त्या सबुदाचा अर्थ तरी काय वो?”

“नॉट औट म्हणजे अजून खेळतोय. नव्वद झाल्यात आणि गडी अजून उभा आहे.”

“हुबा व्हता?”

“हो. ठामपणे उभा होता.”

बाबा बरोबरच्या माणसांकडे वळले. मिशा हलायला लागल्या. “ऐकलं का रं? गडी हुबा व्हता! मंग आमी गूळ वाटला त्यो काय वाया न्हाई ग्येला!” आणि ते असे हसले, की त्यांना हसायला आलेलेही त्यांच्याबरोबर हसायला लागले. सगळी ओसरी हसली. माझ्या डोळ्यांना धार लागली होती, ते कुणाच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे.

हसू ओसरल्यावर मामंजींनी चष्मा पुसला आणि कचेरीत साक्ष घेतात तशा आवाजात विचारलं, “मंडळी, इतके दिवस ऐकताय. आमच्या सूनबाईंचं सांगणं कसं वाटलं? संकोच नको.” वाणी म्हणाले, आकडा अजूनही उशिरा येतो. मास्तर म्हणाले, इंग्रजी उत्तम, खेळाचं ज्ञान बेताचं. दोन्ही खरं होतं. बाबांची पाळी आली, तेव्हा ते मामंजींकडे वळले; बाहेरची माणसं मामंजींना आण्णा म्हणत.

“आण्णा, म्या पंतोजी बगितलं, मामलेदार बगितलं, वकील तर किती बगितलं. म्होरच्याला कळलं न्हाई तर म्होरचा अडानी, आसंच समदी म्हनत्यात. ‘मला सांगता आलं न्हाई’ म्हननारं मानूस म्या आज पयल्यांदा बगितलं. आसं मानूस साळंत पायजे व्हतं. मार खाऊन पाढं शिकलो म्या. आसं कुनी आसतं तर अक्षरबी शिकलो आसतो.”

पत्राचं त्यांना काही ठाऊक नव्हतं. मी शपथेवर सांगते. मामंजी मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, “ते नंतर. आधी हा घोळ करणारा शब्द निस्तरू. औट हा शब्द आजपासून बाद.” आणि स्वतःच थांबले. “बाद! अहो, बादच की. यादीतून नाव कमी झालं की शेऱ्यात आम्ही हेच लिहितो. सूनबाई, गडी गेला की म्हणायचं बाद.”

“आन् हुबा आसंल त्यो?” बाबांनी विचारलं.

“नाबाद,” मामंजी म्हणाले.

“ह्ये बेस झालं,” बाबा म्हणाले. तो शब्द तेव्हा कुठे छापून येत होता की नव्हता, मला माहीत नाही. आमच्या ओसरीवर तो दप्तरखान्यातून आला. मामंजी उठले, खण उघडला, पत्र काढलं आणि त्याच्याच मागे दोन ओळी लिहून माझ्या हातात दिलं. ‘सदर बाईंस शाळेत जाण्यास घरची हरकत नाही. कळावे.’ खाली सही. एवढंच. आतून सासूबाईंचा आवाज आला, “जाऊ दे हो. भाकऱ्या मी थापीन. एरवी तरी कोण थापत होतं?” आणि थोड्या वेळाने, जरा हळू, “तो त्या दिवशी नव्वदीवर होता त्याचं पुढे काय झालं, ते तेवढं सांगून जा.” म्हणजे त्या चुलीपाशी बसून सगळं ऐकत होत्या!

फाल्गुनात संस्थान विलीन झालं. दप्तरखान्याला नवी कुलपं लागली, रुमाल मोजून बांधून ठेवले गेले. मामंजी त्या दिवशी लवकर घरी आले, पगडी खुंटीला लावली आणि म्हणाले, “आम्ही बाद.” मी शाळेच्या वह्या तपासत बसले होते. माझ्याकडे बघून पुढे म्हणाले, “तुम्ही नाबाद राहा म्हणजे झालं.” त्यांच्या तोंडून एवढं मऊ वाक्य मी आधी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. त्यांना नमस्कार करावा असं फार वाटलं. केला नाही, लाजले. आता रोज करते, तसबिरीला.

बाबांच्या कागदाची नक्कल कुलपं लागायच्या आत मिळाली. ती घेऊन गेले आणि जूनमध्ये पुन्हा आले ते एका मुलीचं बोट धरून. त्यांची नात. आत्याकडे भोरला ठेवणार होते, शाळेसाठी. त्या गावातून शिकायला बाहेर पडलेली ती पहिली मुलगी. शाळेच्या दारात मला म्हणाले, “बाई, हिला मारू नगा. चुकली तर बगा आपलं कुठं चुकलं.” एकतीस वर्षं मी शिकवलं. प्रत्येक जूनमध्ये, नव्या वर्गासमोर उभं राहताना, हे वाक्य मनाशी म्हणून मग खडू उचलला. पाळलं गेलं नाही असे दिवसही आले, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी घरी येऊन जेवण गोड लागत नसे.

काल पुन्हा सामना होता. खोली भरलेली. जाहिरातींना शिव्या देऊन झाल्या, निवेदकाला अकलेचे पाढे शिकवून झाले. आपला एक पोरगा सुरेख खेळत होता. त्याने चेंडू फटकावला आणि कोपऱ्यात आकडा उमटला, नव्वद, आणि त्याच्या शेजारी बारीकशी चांदणी. आळीतल्या सगळ्यांत धाकट्या मुलीने विचारलं, “आजी, ती चांदणी कशाला?”

“तो अजून उभा आहे म्हणून,” मी म्हटलं.

माझ्या शेजारी बसलेल्या, विंझरहून आलेल्या माझ्या त्या जुन्या विद्यार्थिनीने माझा हात हातात घेतला. आजोबांचाच हात तो, रुंद आणि खरबरीत. ती माझ्याकडे बघून हसली आणि आम्ही दोघी एका सुरात म्हणालो, “तीनशे पंधरा!”

सगळ्या खोलीने माना वळवल्या. कुणीतरी म्हणालं, या दोघींना काही म्हणजे काही कळत नाही. मी हसून मान हलवली. पडद्यावर तो पोरगा हातमोजे सारखे करून पुन्हा उभा राहिला होता, आणि मला वाटलं, टीव्हीच्या पाठीमागून तो वास पुन्हा थोडा थोडा येतोय.